बायडामावशीचा मांडव

सात मे एकोणीसशे चौऱ्याहत्तर, सकाळची वेळ. मिरज जंक्शनवर मी नॉर्वेच्या तीन लोखंडी पेट्या घालवल्या. घालवल्या म्हणजे कुठं विसरलो नाही, की चोरानं नेल्या नाहीत. दोन हमाल लावून, ‘सावकाश, आत काच आहे’ असं दोनदा बजावून, मी स्वतः त्या चुकीच्या गाडीत नीट रचून घेतल्या.

परक्या गावचा माणूस स्टेशनावर चार जणांना विचारतो. मी मिरजेत वाढलेला. मी कोणाला विचारणार? कराड-साताऱ्याकडची गाडी मधल्या फलाटावरून सुटते हे मला हाफचड्डीत होतो तेव्हापासून पाठ. आता मधल्या काळात पुण्याची लाइन मोठी झाली, ती गाडी पलीकडच्या फलाटावर गेली आणि मधल्या फलाटावर बेळगावकडची लहान गाडी तेवढी उरली, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि पाठ झालेलं पायांत. पाय मधल्या फलाटावर गेले. त्यांच्यामागून पेट्या गेल्या.

पेट्यांसोबत मीही कराडपर्यंत जायचं होतं. गाडीला अजून वेळ आहे म्हणून चहाला उतरलो. बशीत चहा ओतला आणि गाडी हलली.

‘‘अरे, पुण्याची गाडी सुटली!’’ मी ओरडलो.

हमाल विडी पेटवत म्हणाला, ‘‘पुन्याची ती पल्याड हुबी हाय की. ही बेळगावची.’’

माझ्या मागं गाठोड्यावर बसून हे सगळं पाहणारी एक बाई होती. पांढरं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, मांडीवर माझ्यासाठी आणलेला भाकरीचा डबा. तिनं जाणाऱ्या गाडीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या बशीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पी. आता घाई न्हाई.’’

ही बायडामावशी. बायडाबाई सातपुते. तिची ओळख करून देण्याआधी पेट्या कोणाच्या होत्या ते सांगतो, नाही तर तुम्ही माझ्यावर उगीच कमी रागवाल.

नॉर्वे देशातून दोन माणसं आली होती. एक पाद्री ओल्सेनसाहेब, आणि दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरीण हाउगेनबाई. तीन आठवड्यांचा धर्मकार्याचा दौरा. त्यात मुख्य काम पाटणच्या शाळेत मोतीबिंदूचा कॅम्प. पेट्यांत ऑपरेशनची हत्यारं, औषधं आणि ऑपरेशननंतर लागणारे जाड भिंगांचे चष्मे. मी सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. मेची सुट्टी म्हणून दुभाष्या झालो होतो. पाद्रीसाहेबांकडं सहा पानी टाइप केलेला कार्यक्रम होता, तासातासाचा. रोज दुपारी सव्वाचार ते साडेचार हा वेळ त्यात ‘अनपेक्षित गोष्टींसाठी’ राखून ठेवला होता. माझ्या देशासाठी पंधरा मिनिटं! मला तेव्हाच धास्ती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जिथली गाडी तिथं उभी. पेट्या लोंढ्याच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी उतरल्या आहेत आणि संप मिटल्यावर येतील, एवढं कळलं. संप कधी मिटेल ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता मावशी.

पाटणच्या वर, डोंगराच्या कुशीत जांभूळदरा म्हणून वीस-पंचवीस घरांची वाडी आहे. मावशी तिथली. तिचे वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते. त्यांच्यापासून घर ख्रिस्ती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा मावशी कराडपर्यंत चालत आणि पुढं गाडीनं मिरजेला आली आणि एका मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसायला लागली. फरशी पुसता पुसता ऑपरेशनच्या खोलीत शिरली ती छत्तीस वर्षं बाहेर आली नाही. हत्यारं उकळायची, पुसायची, मांडायची. डॉक्टरांनी हात पुढं केला की मागायच्या आत हत्यार हातात. माझ्या लहानपणी गुडघ्याला टाके पडले तेव्हा माझे पाय तिनं धरले होते, आणि मी दिलेल्या शिव्या तिच्या लक्षात होत्या. म्हणून मला ती ‘मास्तर’ म्हणायची, पण एकेरीतच. प्रार्थनेला बसली की तिचा एक डोळा मिटलेला आणि एक उघडा. पाद्रीसाहेबांनी माझ्यामार्फत कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘‘एक द्येवाकडं, एक पातेल्याकडं.’’

निवृत्त झाल्यावर तिनं एकच ध्यास घेतला: खोऱ्यातल्या आंधळ्या म्हाताऱ्यांचे डोळे. आदल्या वर्षी तिनं असाच एक कॅम्प ठरवला होता. चौदा जणांना हात धरून डोंगर उतरवून पाटणच्या यष्टी स्टँडवर आणून बसवलं, आणि तार आली की डॉक्टर आजारी पडले, कॅम्प नाही. चौदा जणांना परत डोंगर चढवला. त्यात नाथाजी होता. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेला, उंच, खवचट म्हातारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर चढताना तो तिला म्हणाला होता, ‘‘बायडे, तुजा येशू वाटंत भेटलेल्या आंधळ्याला डोळं देत हुता म्हनं. तुला निदान डाक्तर तरी गावतोय का बग.’’

त्या पावसाळ्यात त्याचा उजवा डोळा जास्त पिकला, ठणकायला लागला. कोयनेकडचा पाऊस म्हणजे ओढे भरले की चार महिने वाडी जगापासून तुटलेली. खाली आणता आलं नाही. डोळा गेला. आता डावा डोळा त्याच वाटेवर होता. मिरजेच्या डॉक्टरांनी मावशीला सांगितलं होतं, जूनच्या आत झालं तर झालं. आणखी एक पावसाळा हा डोळा काढणार नाही.

‘‘एक डोळा माज्या शब्दावर गेला, मास्तर,’’ ती त्या दिवशी फलाटावर म्हणाली. ‘‘दुसरा जाऊ द्याची न्हाई.’’

आठ तारखेच्या संध्याकाळी मिरजेत मिशनच्या बंगल्यात बैठक बसली. पाद्रीसाहेबांनी सहा पानांवर तांबड्या पेन्सिलीनं रेघा ओढून ठेवल्या होत्या. ते म्हणाले, हत्यारं नाहीत तर कॅम्प नाही. तो पुढच्या वर्षी करू. हे दिवस साताऱ्यात सभा घेऊ, प्रवचनं करू, मग महाबळेश्वर, मग मुंबई.

मी मावशीला सांगितलं.

मावशी म्हणाली, ‘‘त्यास्नी इचार, फुडच्या वर्षी नाथाजीला कंचा डोळा दावायचा? येक गेलाय, दुसरा जानार. आन् ह्या खेपंला मागारी लावलं, तर डोंगरातलं कुत्रंबी माज्यासंगं खाली यायचं न्हाई. सभा काय, कवाबी व्हत्यात. तोंड पेटीतनं गेलं न्हाई कुनाचं.’’

मी इंग्रजीत म्हणालो, ‘‘बाईंना जरा काळजी वाटते.’’

मावशी माझ्याकडं वळली. ‘‘काय सांगिटलंस?’’

‘‘तुमचंच सांगितलं.’’

‘‘माजं येवढुसं हुतं? मी लय बोलले हुते.’’

डॉक्टरीणबाई आतापर्यंत खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘त्या जे बोलल्या ते सगळं सांगा. गाळू नका.’’

मी सगळं सांगितलं. तोंड आणि पेटीसुद्धा. पाद्रीसाहेब लाल झाले, पण भला माणूस, हसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘पण हत्यारांशिवाय मी काय करू?’’

मावशी म्हणाली, ‘‘हत्यारं माज्यावर सोड. बाईला इचार, तिचं हात पेटीसंगं बेळगावाला गेलं का हितंच हायती?’’

मी विचारलं. हाउगेनबाईंनी आपले दोन्ही हात वर केले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘इथंच आहेत.’’

पाद्रीसाहेबांनी तिला दोन दिवस दिले. ‘अनपेक्षित गोष्टीं’चे पुढच्या आठ दिवसांचे मिळूनही दोन तासच भरत होते, पण ते त्यांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही म्हाताऱ्या डॉक्टर टिकेकरांच्या ओट्यावर. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांची प्रॅक्टिस बंद करून बारा वर्षं झालेली. त्यांची हत्यारं काचेच्या कपाटात मखमलीवर निजलेली होती.

‘‘बायडा, हत्यार कोणाला द्यायचं नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्याच्या हातात गेलं की त्याची सवय बिघडते.’’

‘‘डाक्तरसाब, इस वरीस ती तुमच्या हातात हुती. धुतली कुनी? उकळली कुनी? पुसून मांडली कुनी?’’

‘‘तू.’’

‘‘मग निम्मी माजी हायती. माजी निम्मी द्या.’’

टिकेकर उठले. आत गेले. मावशी पायरीवर बसून राहिली. जेवणवेळ झाली तरी उठेना. मी म्हणालो, ‘‘मावशी, चला, दुसरीकडं बघू.’’ ती म्हणाली, ‘‘दुसरीकडं निम्मी न्हाईत माजी.’’ अडीचला दार उघडलं. म्हाताऱ्याच्या हातात अख्खी मखमलीची गुंडाळी होती. ‘‘निम्म्यानं ऑपरेशन होत नसतं,’’ ते करवादले. ‘‘उकळणार तू. दुसऱ्या कोणी नाही.’’

औषधं, पट्ट्या, टाक्याचा दोरा असं बाकीचं तिच्या जुन्या दवाखान्यानं दिलं. पण मोतीबिंदूचं ते बारीक पातं बारा वर्षं पडून बोथट झालं होतं. हाउगेनबाईंनी ते तपासलं कसं? एका इवल्याशा डबीच्या तोंडाला पातळ कातडं ताणून बसवलं होतं. त्यावर पात्याचं टोक टेकवून सोडायचं. पातं नुसत्या आपल्या वजनानं आत गेलं पाहिजे. ते जाईना. मिरजेत मोठमोठे दवाखाने, पण एवढ्या नाजूक पात्याला धार लावणारा माणूस सापडेना.

मावशी मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेली. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. केसाइतकं घासायचं, तार छेडून ऐकायची, पुन्हा केसाइतकं. त्यांनी पातं नखावर टेकवून पाहिलं, आतून तळहाताएवढा काळा दगड आणला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि अर्धा तास त्यावर पातं फिरवलं. संध्याकाळी हाउगेनबाईंनी पातं त्या कातड्यावर टेकवलं आणि सोडलं. ते लोण्यात शिरावं तसं शिरलं. बाईंनी माझ्याकडं पाहून विचारलं, ‘‘हे कोणत्या हॉस्पिटलचे?’’ मी म्हणालो, ‘‘तंबोऱ्यांच्या.’’

रेल्वे बंद, त्यामुळं सगळा सांगली-सातारा जिल्हा यष्टीत. दहा तारखेला कराडमार्गे पाटणला निघालो. पाद्रीसाहेबांचे गुडघे हनुवटीला टेकलेले आणि त्यावर मावशीचा हत्यारं उकळायचा तांब्याचा बंब. ‘‘ह्यो मांडीवरनं हलवायचा न्हाई,’’ असं तिनं बजावलं होतं. कराडच्या स्टँडवर साताऱ्याची आणि पाटणची अशा दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. साहेबांनी साताऱ्याच्या पाटीकडं एकदा आशेनं पाहिलं. मावशीनं बंब उचलला आणि पाटणच्या गाडीत चढवला. बंब गेला तसे साहेबही मागोमाग गेले.

पाटणला उतरून शाळेत जातो तो शाळेत लग्न.

मुख्याध्यापक दादासो धावत आले. ‘‘मास्तर, तुमचीच तार! पेट्या हरवल्या, कॅम्पचं अनिश्चित. म्हणून मी शाळा हिंदुरावांना दिली. लग्न काल झालं, वऱ्हाड आज जाईल, वर्ग मोकळे होतील. पण…’’ त्यांनी वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. पत्रा. मे महिन्यातला पाटणचा पत्रा. सकाळी दोन तास एका वर्गात ऑपरेशनं होतील. पण त्यानंतर आठ दिवस न हलता उताणं पडायचं, तेही डोळ्यांवर पट्टी बांधून, या पत्र्याखाली? निरोगी माणूस शिजला असता.

पाद्रीसाहेब मैदानातल्या दगडावर बसले आणि खिशातून सहा पानं काढली. मावशी मात्र मैदानाकडं बघत होती. तिथं लग्नाचा मांडव उभा होता. ऐसपैस, वर जांभळीच्या डहाळ्या अंथरलेल्या. खाली सावली, गार वारा, ओळीनं सतरंज्या.

हिंदुराव मुलीचा बाप. भला मोठा फेटा, आणि लग्नात ओरडून बसलेला आवाज.

‘‘हिंदुराव, मांडव कवा काढताय?’’ मावशीनं विचारलं.

‘‘परवा. लेक-जावई परतनीला येत्यात, पोळ्या झाल्या की मांडव उतरायचा.’’

‘‘त्येच्या आदी काढत न्हाई?’’

‘‘छ्या! परतनी झाल्याबिगर मांडव काढत्यात व्हय कुटं? तसली रीत न्हाई.’’

‘‘मग परतनी परवाच्या फुडं नऊ दिसांनी करा.’’

हिंदुरावांनी फेटा सारखा केला. ‘‘नऊ? आवं बायडाबाई, तुमी किरिस्ताव. तुमाला काय करायचा आमचा मांडव?’’

‘‘मांडव तुमचा. सावली समद्यांची.’’

‘‘आन् व्याही काय म्हंतील?’’

‘‘म्हनावं, मांडवात एकुनीस आंधळी निजल्यात, ती बगाय लागली की या. डोळं उगडल्यावर पयलं तोंड तुमच्या लेकीचं दिसंल त्यास्नी. कुनाच्या लेकीला मिळालाय असा मान?’’

‘‘पाच दिस.’’

‘‘नऊ.’’

‘‘बायडाबाई, लेकीची सासू लय वंगाळ हाय. सात! सातावर मुंगीभर न्हाई.’’

‘‘सात,’’ मावशी म्हणाली. मला हळूच सांगितलं, ‘‘साहेबास्नी सांग, दवाखाना मिळाला.’’ मग बोटं मोजून तिचा चेहरा जरा बदलला. ऑपरेशनं परवाच सुरू होणार होती आणि पट्ट्या त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी सुटायच्या होत्या. मांडव सातव्या दिवशी संध्याकाळी उतरणार होता. पण ती म्हणाली, ‘‘सातव्याचं सातव्याला.’’

मधल्या दिवशी मावशीनं एकोणीस जणांना हात धरून डोंगर उतरवून आणलं, आणि बाराला सकाळी बंब पेटवला. दोन दिवसांत एकोणीस ऑपरेशनं झाली. हाउगेनबाईंना मराठी येत नव्हतं, मावशीला इंग्रजी येत नव्हतं, आणि दुभाष्या म्हणून मी दाराशी सज्ज उभा होतो. दोन दिवसांत मला कोणी एक शब्द विचारला नाही. बाईंचा हात पुढं आला की हवं ते हत्यार त्यात असायचं. शेवटी मी माशा हाकलायला गेलो.

नाथाजीचा नंबर पहिला लावला होता. ऑपरेशनच्या आधी मावशीनं त्याची कोपरी चाचपली आणि कमरेतून पितळी डबी काढली. तपकीर.

‘‘बायडे, जीव घे, पर डबी ठेव,’’ नाथाजी म्हणाला.

‘‘तपकीर वडली की शिंक. शिंक आली की टाका सुटला. टाका सुटला की डोळा भाईर. बोल, डबी पायजे का डोळा?’’

‘‘इचार करून सांगतो.’’

‘‘मास्तर, ही धर. खिशात ठेव. ह्यो काय बी म्हनला तरी द्याची न्हाई.’’

त्या आठ दिवसांचे नियम तिनं मांडवाच्या मधोमध उभं राहून सांगितले. डोकं हलवायचं नाही. खोकायचं नाही. शिंकायचं नाही. हसायचंही नाही. पहिल्याच दुपारी मी पेशंटांना माझ्या शाळेतली एक गंमत सांगितली. चार म्हाताऱ्यांची पोटं हलायला लागली. मावशी लिंबाचा डहाळा घेऊन आली. तो माशांसाठी होता असं मी समजून घेतलं. ‘‘मास्तर, तू मांडवात तोंड उगडायचं न्हाई,’’ ती म्हणाली. दुभाष्याला मुका करणारी ती पहिली बाई.

नाथाजी मात्र माझ्या पावलांचा आवाज ओळखायचा. ‘‘मास्तर, गड्या, नुसती डबी हुंगाय दे रं. बंद डबी.’’ मी गप्प. ‘‘बरं, खिसा तरी जवळ आन.’’ मी गप्प. ‘‘आर्मीत असतास तर तुला गोळी घातली असती.’’ चौथ्या दिवशी तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘बायडी झोपती का न्हाई रं?’’ मी तोंड न उघडायचा नियम मोडला आणि म्हणालो, ‘‘बसल्या बसल्या, तुमच्या पायथ्याशी.’’ त्यानंतर त्यानं डबी मागितली नाही.

सातवा दिवस उजाडला. सकाळीच बैलगाड्या आल्या. लेक, जावई, सासू आणि पंधरा माणसं. मांडवाच्या कडेला चुली पेटल्या. हिंदुरावांची बहीण सुलाबाई स्वयंपाकाची मुखत्यार. पुरण शिजलं, आणि मग पोळीसोबतच्या कटाच्या आमटीसाठी तिनं तेल तापवलं, त्यात मूठभर लाल मिरच्या टाकल्या.

वारा मांडवाकडं होता.

तो ठसका ज्यानं अनुभवलाय त्याला सांगायला नको, आणि नसेल त्याला सांगून कळणार नाही. मांडवातल्या एकोणीस नाकांच्या पाकळ्या एकदम फुलल्या. बनुबाई म्हणून एक म्हातारी कण्हली, ‘‘अगं बया, आली!’’ मावशी बंबापाशी होती. ती धावली ते पेशंटांकडं नाही, चुलीकडं. पदराचा बोळा करून जळती कढई कानांना धरून उचलली आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली.

‘‘अगं ए बाई! माजी फोडनी!’’ सुलाबाई मागून ओरडत. ‘‘जावायाच्या पानातली आमटी! दरवडा घातला की गं!’’

मी नाथाजीपाशी उभा. त्याचं तोंड उघडलं होतं. ‘‘आं… आं…’’ छाती वर आली. तेवढ्यात ओढ्याकडून, हातात कढई तशीच, मावशी ओरडली, ‘‘मास्तर, नाक!’’ मी बोट त्याच्या नाकाखाली मिशीत दाबून धरलं. आणि पाठोपाठ तिचा असा आवाज आला की दादासोंच्या शाळेतली मुलंसुद्धा ताठ झाली असती: ‘‘हवालदार! सावधान!’’

नाथाजीचे पाय चादरीखाली जुळले. हात बाजूला ताठ. छाती जिथल्या तिथं थांबली. शिंक आली होती ती हळूहळू, टप्प्याटप्प्यानं, सलाम ठोकून माघारी गेली.

ती पाद्रीसाहेबांना आली. अकरा वेळा.

मग मावशी परत आली. दोन्ही तळहात लाल झालेले. सुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी. मावशीनं तिला हाताला धरून मांडवात नेलं, एकोणीस पट्ट्या दाखवल्या आणि काय सांगायचं ते कानात सांगितलं. सुलाबाईनं जाऊन चुलीतली लाकडं मागं ओढली. मग भावाला म्हणाली, ‘‘हिंदुराव, मांडव उद्याच्याला काडा. आन् जावायाला सांगा, आज आमटी बिनफोडनीची हाय.’’ जावयानं ती मुकाट्यानं खाल्ली. सासूनं दोनदा मागून घेतली. म्हणजे हिंदुराव समजत होते तितकी ती वंगाळ नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी पट्ट्या सुटल्या. नाथाजीची शेवटी. हाउगेनबाईंनी तीन बोटं समोर धरली.

नाथाजीनं डोळा किलकिला केला. पाणी आलं. पुन्हा उघडला. ‘‘तीन,’’ तो म्हणाला. ‘‘धुक्यात हायती, पर तीन.’’

मी मावशीकडं पाहिलं. ती पाठ करून बंबाशी उभी होती, टिकेकरांची हत्यारं परत देण्याआधी उकळायला. बंब अजून पेटवलेला नव्हता.

निरोपाच्या दिवशी पाद्रीसाहेबांनी मांडवाच्या उरलेल्या खांबांखाली छोटंसं प्रवचन केलं. मी भाषांतर केलं, यावेळी एक शब्दही न गाळता, कारण ते माझ्याविषयी होतं. साहेब म्हणाले, आम्ही सहा पानी योजना आणली होती आणि देवाकडं दुसरी होती. त्यानं पेट्या दूर पाठवल्या, म्हणून एक म्हातारे डॉक्टर, एक तंबोऱ्याचा कारागीर, एक मुलीचा बाप, सगळ्यांचे हात या कामाला लागले. पेट्या आल्या असत्या तर हे आमचंच काम राहिलं असतं. ही चूक नव्हती, ही योजना होती. ती सहा पानं त्यांनी आठवण म्हणून मावशीला दिली. तिनं त्यांत हत्यारं गुंडाळली.

प्रवचन मला फार आवडलं. पुढचे पंधरा दिवस मी छाती काढून हिंडलो. देवाच्या योजनेत मधल्या फलाटाला स्थान होतं, आणि मधल्या फलाटावर मला.

संप मिटला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेट्या आल्या. त्यांत चष्मे होते, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचे. डोळ्यातलं भिंग काढल्यावर हे चष्मे नसले तर सगळं धुक्यातच. मावशी माझ्या दारात उभी. ‘‘पाऊस पडायच्या आत एकुनीस घरी पोचवायचं. पिशवी तू घे.’’ तीन दिवस आम्ही डोंगर चढत आणि उतरत होतो. माझ्या गुडघ्यावरचे जुने टाके मला सारखे आठवत होते.

शेवटचं घर जांभूळदऱ्यात नाथाजीचं. पश्चिमेकडं ढग जमून आलेले. तो अंगणात दोरी वळत बसला होता, चाचपडत. मी चष्मा त्याच्या नाकावर चढवला, दोऱ्या कानामागं बांधल्या.

नाथाजीनं मान वर केली. समोरचा डोंगर पाहिला. हातातली दोरी पाहिली, पीळ पाहिला. मग मान वळवून मावशीकडं, तिच्या तळहातांवरच्या काळपट पडलेल्या डागांकडं पाहिलं.

‘‘लय म्हातारी झालीस की गं, बायडे.’’

‘‘तू कुटं कवळा ऱ्हायलायस?’’

मग तो माझ्याकडं वळला आणि हात पुढं केला. ‘‘मास्तर, डबी.’’ मी मावशीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मी दिली. त्यानं चिमूट ओढली आणि असा शिंकला, की अंगणातली कोंबडी कुडाबाहेर गेली.

उतरताना मी पुढं, ती मागं. पिशवी रिकामी, मन भरलेलं. मला वाटलं, आता मावशीच्या तोंडूनही एकदा ते ऐकावं. मी म्हणालो, ‘‘मावशी, पाद्रीसाहेब म्हणाले ते खरंच. पेट्या चुकल्या ती देवाचीच योजना होती.’’

मावशी म्हणाली, ‘‘द्येवावर ढकलू नगंस, मास्तर, पेट्या तू घालवल्यास.’’